देवूचं दूध बंद

आमच्या नाहूरमध्ये दोनच प्रकारची माणसं राहतात. मुलांच्या पोटाबद्दल ज्यांना सगळं कळतं ती, आणि मी. माझं नाव गंधाली, अंधेरीला एमआयडीसीत नोकरी करते, आणि माझा मुलगा देवदत्त वीस महिन्यांचा आहे. घरात सगळे देवू म्हणतात. त्याला सहाव्या महिन्यापासून ॲसिडचा त्रास आहे. जेवला की वीस-पंचवीस मिनिटांत पाठ मागे वाकवतो, मान ताणतो, किंचाळतो आणि आंबट ओकतो. त्याचं वजन चार महिने पावणेनऊ किलोवर अडकलेलं होतं.

यावर उपाय तुम्ही विचारायची गरज नसते, लोक आपणहून देतात. घाटकोपरच्या शकुआत्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, यांनी आल्या आल्या निदान केलं की पोराची नाभी सरकली आहे. एरंडेल लावून त्यांनी ती जागेवर बसवली. ती परत सरकली असावी, कारण संध्याकाळी देवू त्यांच्याच साडीवर ओकला. मग ती दृष्ट निघाली. मीठ-मोहरी-मिरच्या जाळून त्यांनी घरभर असा खकाणा उठवला की समोरच्या फ्लॅटमधली माणसंही खोकत बाहेर आली. दृष्ट गेली म्हणे. देवू ठसका लागून पुन्हा ओकला. खालच्या मजल्यावरच्या माणिककाकू लिफ्टमध्ये भेटल्या की मला विचारायच्या, अगं पण तू गरोदरपणात तिखट खाल्लं होतंस का? उचलली जीभ लावली टाळ्याला.

मीसुद्धा फार शहाणी नव्हते. आयांच्या एका ग्रुपवर वाचलं की गादीची डोक्याकडची बाजू उंच करा. मी खाली दोन गोधड्या घातल्या. देवू घसरत घसरत पायाकडे जाऊन मुटकुळं करून झोपला, आणि मी रोज सकाळी त्याला पुन्हा वर ओढत राहिले. आठवडाभर हा मूर्खपणा चालला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, त्याचा काही उपयोग नसतो. अरे, मग आधी का नाही सांगितलंत? हेच डॉक्टर सांगायचे की औषध खाण्याच्या अर्धा तास आधी, उपाशीपोटी द्या. भुकेनं रडणाऱ्या पोराला अर्धा तास थांबवून ठेवायला सांगणारा माणूस घरी कधी मूल सांभाळत नसणार.

पण हे सगळे किरकोळ. खरा माणूस आमच्या घरातच होता. माझे सासरे, श्यामसुंदर. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो.

अण्णा कणकवलीजवळच्या खेड्यातून अठराव्या वर्षी मुंबईत आले, ते थेट सरकारी डेअरीत चिकटले. आधी बाटल्या धुतल्या. मग दुधाची तपासणी करणाऱ्यांच्या हाताखाली गेले, आणि शेवटी स्वतःच तपासायला लागले. आरेला रात्रपाळी करून सकाळी घरी यायचे. अशी चाळीस वर्षं काढली. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली, पण डेअरी काही डोक्यातून उतरलेली नाही. पिशवी फोडायच्या आधी तिला बोटानं टिचकी मारतात. पातेल्यावर वाकून एकदा नाक ओढतात आणि सांगतात, हे दुपारी नासणार. आणि ते नासतं! शेजारपाजारच्या बायका त्यांना दूध दाखवायला येतात. बायकोच्या माघारी या माणसाला एवढा एकच मान उरला होता, आणि तो मान ते अगदी चवीनं घेत.

अण्णांच्या मते जगातल्या निम्म्या आजारांना दूध हा उपाय आहे आणि उरलेले निम्मे दूध न प्यायल्यानं होतात. पित्त झालं? गार दूध. झोप नाही? गरम दूध. माझी कंबर दुखते म्हटलं, तर म्हणाले, तुम्ही लोक तो बिनदुधाचा काळा चहा पिता ना ऑफिसात. माझा नवरा सर्वेश यावर काही बोलत नाही. त्याचं एकंदर धोरण हाताची घडी तोंडावर बोट.

आणि तरी, मी आठला घर सोडायचे, घाटकोपरहून मेट्रो पकडायचे, ती अण्णांच्या जिवावर. देवूला दिवसभर तेच सांभाळायचे. देवू माझ्या हातून चार घास खायचा, त्यांच्या हातून दहा. हे कबूल करताना माझी जीभ जड होते, पण खरं आहे.

मग मुलुंडच्या एका मोठ्या इस्पितळातल्या पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, कधीकधी दुधातलंच काहीतरी मुलाला सोसत नाही आणि त्यामुळे हा त्रास थांबत नाही. चार आठवडे दूध पूर्ण बंद करा. दही, ताक, पनीर, बिस्किटं, सगळं. फरक पडला तर उत्तम. नाही पडला, तर भूल देऊन तोंडातून दुर्बीण घालून आत पाहावं लागेल.

भूल! एवढंसं पोर, पावणेनऊ किलोचं. ती भूल टळायला हवी होती, बाकी मला काही नको होतं.

घरी येऊन मी अण्णांना सांगितलं. सांगितलं म्हणजे हुकूम सोडला. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, काय चालेल, काय नाही, आणि फ्रीजवर चिकटवलं. अण्णांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. म्हणाले, दूध सोसत नाही? दूध? जणू मी म्हटलं होतं की पोराला हवा सोसत नाही. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, बरं.

मला तेव्हा कळायला हवं होतं. आमच्या अण्णांनी एका शब्दात माघार घेतलीय, असं कधी घडलं होतं?

पहिला आठवडा गेला. फरक नाही. दुसऱ्यात तर जास्तच. मी बिस्किटांच्या पुड्यांवरची बारीक अक्षरं वाचून डोळे फोडून घेतले. नारळाचं दूध काढलं, नाचणीची पेज केली, पाण्यातला शिरा केला. शिरा देवूनं भिंतीवर मारला. तिसरा, चौथा आठवडा, तेच. रोज सकाळी साडेपाचला अण्णा देवूला कडेवर घेऊन खाली फेरी मारायला जायचे. त्यांचं म्हणणं, पोराला मोकळी हवा लागते. येताना घरच्या चहासाठी दुधाची पिशवी आणायचे. देवू वर यायचा तो खूश असायचा, आणि सव्वासहाला पाठ वाकवायचा. मला वाटायचं, उठल्यावर ॲसिड जास्त होत असेल. मी हेही एका वहीत लिहून डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि दुर्बिणीची तारीख दिली.

त्या दिवशीची सक्त ताकीद होती. पहाटे तीननंतर मुलाच्या पोटात काही जाता कामा नये. पाणी थोडं चालेल, तेही साडेसातपर्यंत. पोट रिकामं नसेल तर भुलीत उलटी होऊन ती श्वासात जाऊ शकते. हे मी अण्णांना स्वतः वाचून दाखवलं. देवू पाचला उठला आणि भुकेनं रडायला लागला. मला बॅग भरायची होती, फाइल शोधायची होती, सर्वेश दाढी करत होता. अण्णा म्हणाले, मी जरा खाली फिरवतो, गप्प होईल. मी म्हटलं, न्या. आणि तो गप्प झाला, अर्ध्या तासात हसत वर आला.

इस्पितळात त्याला छोटा हिरवा गाऊन घातला. तो गाऊन त्याच्या पायांत अडकत होता. भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या, तरुण होत्या, हातात कागद. नाव, वजन, ॲलर्जी. मग त्यांनी विचारलं, शेवटचं काय खाल्लं-प्यायलं आणि कधी? मी म्हटलं, रात्री साडेनऊला भात, त्यानंतर फक्त पाणी. त्यांनी लिहिलं. सर्वेशनं सही केली. नर्सनं देवूला माझ्याकडून घेतलं. तो माझा कुर्ता सोडेना, तिनं एकेक बोट सोडवलं.

अण्णा मागे खुर्चीवर बसले होते. ते उभे राहिले.

"डॉक्टर, तो दूध प्यायलाय."

नर्स देवूला घेऊन तिथंच थांबली. डॉक्टरांनी विचारलं, किती? अण्णा म्हणाले, शंभर मिली. पाच चाळीसला. वॉचमनच्या केबिनमध्ये शेगडी आहे, तिथं उकळलं, गार केलं. एवढा काटेकोर हिशेब दिला की वाटलं, चाळीस वर्षं डेअरीत उगाच नव्हती गेली. डॉक्टरांनी कागदावर मोठी फुली मारली. मग पोटाच्या डॉक्टर आल्या, त्यांनी सगळं ऐकलं आणि हळू विचारलं, "आजच दिलंत, की आधीही?"

"रोज," अण्णा म्हणाले.

रोज! मी महिनाभर पुड्यांवरची अक्षरं वाचत होते, पाण्यातला शिरा भिंतीवरून पुसत होते, आणि हा माणूस खिशात रुमालात फुलपात्र गुंडाळून रोज खाली उतरत होता. तीन फुटांवरून नासलेलं दूध ओळखणारं ते नाक! नातवाच्या बनियनला रोज तोच वास येत होता, तो नाही कळला? मला तिथंच ओरडायचं होतं. सर्वेशनं माझा दंड धरला म्हणून वाचले ते. डॉक्टर म्हणाल्या, मग चार आठवडे झालेलेच नाहीत. आज काही करायचं नाही. घरी जा, पहिल्यापासून सुरू करा, आणि या वेळी खरंच बंद करा. शेवटचं वाक्य त्यांनी अण्णांकडे बघून म्हटलं.

बिल्डिंगच्या मागे एक पाळणाघर आहे, मी मनातल्या मनात तिथं फोनसुद्धा लावला. आजपासून या माणसाच्या हातात माझं पोर नाही. बस झालं.

सर्वेश तिथून कामावर गेला. मी, देवू आणि अण्णा रिक्षात बसलो. देवू माझ्या मांडीवरून सरकून अण्णांकडे गेला. त्याला कोण समजावणार? मी बाहेर बघत राहिले. मुलुंडच्याच एका सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा अण्णा बोलले. एरवी ते आमच्यासारखंच बोलतात. आतून हलले की मालवणीत जातात.

"आमच्या घरात दूध फकत आजारी माणसाक. बाकीच्यांक पेज. कितीदा मी खोटोच आजारी पडलंय."

 त्यांनी देवूच्या डोक्यावर हात ठेवला होता. मग म्हणाले, "पोर आजारी, आणि तुम्ही त्याचाच दूध तोडलास. माका बघवला नाय."

मला राग होताच, तो आजही आहे. पण एक गोष्ट त्या रिक्षातच माझ्या डोक्यात लख्ख झाली, आणि ती तिथून हलेना. हा माणूस त्या खुर्चीवर गप्प बसू शकला असता. महिनाभर बसलाच होता. गप्प बसला असता तर त्याची लाज राहिली असती, आणि माझं पोर आत गेलं असतं पोटात दूध घेऊन. आतलं चित्र मनात आलं की माझा हात आपोआप देवूकडे जातो. मी त्यांना विचारलंच नव्हतं कधी काही. चिकटवला होता कागद.

नाहूर आलं. उतरताना मी म्हटलं, "उद्या सकाळची पेज तुम्ही भरवायची. नाचणीची. पाण्यातली. आणि जे काही त्याच्या पोटात जाईल ते मला सांगायचं, मी कुठेही असले तरी."

"सांगेन," अण्णा म्हणाले.

सांगतात! देवा रे, काय सांगतात! मीटिंगमध्ये असले तरी फोन. साडेआठला अर्धी वाटी पेज. दहाला केळं, पाऊण. साडेअकराला भात-वरण, पाच घास, सहावा थुंकला. ऑफिसातली माणसं माझ्याकडे बघून हसतात. मी फोन उचलते आणि दर वेळी तेच म्हणते, आता काय, अण्णा? शकुआत्या परवा घरी येऊन सांगून गेल्या की सुनेनं पोराचं दूध तोडलं, आता हाडं कशी भरायची. अण्णांनी त्यांना दारातच सांगितलं, दूध सुनेनं नाही, डॉक्टरांनी तोडलं, आणि पोर आजारी राहिलं ते माझ्यामुळे. आत्या चहा न घेता गेल्या.

आज सव्विसावा दिवस आहे. शेवटच्या सतरा दिवसांत देवूनं एकदाही पाठ वाकवलेली नाही. काटा नऊ किलो शंभरवर गेलाय. दुर्बिणीची तारीख डॉक्टरांनी दिलेली नाही, पुढच्या आठवड्यात बघू म्हणाल्या.

आज दुपारचे साडेबारा झाले तरी फोन आला नाही. पावणेएकला मीच हातातलं काम टाकून जिन्यात गेले आणि लावला. अण्णा दबक्या आवाजात म्हणाले, हळू बोल, आताच झोपलाय. मी विचारलं, मग फोन का नाही केलात? म्हणाले, तू रोज वैतागतेस, म्हटलं एक दिवस नको. काय खाल्लं ते सांगू?

"सांगा," मी म्हटलं, आणि जिन्यातल्या पायरीवर बसले.