दवबिंदूचा चातुर्मास

लग्न होऊन मी पुण्याहून लोणावळ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायला आले, तेव्हा घाटात विजेची इंजिनं नुकतीच धावू लागली होती. आमच्या घरात मात्र उपासांना उसंत नव्हती. सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. सासूबाईंचा चातुर्मास म्हणजे नुसता कहर. माहेरी मला दोन घास जास्तच लागायचे. इथे मी भुकेनं चिडायची आणि मुकाट्यानं भगर गिळायची.

त्या भाद्रपदात आम्ही नवराबायको पठारावर फिरायला गेलो. कातळावरच्या ओल्या मातीत दवबिंदू नावाची झाडं उगवली होती. बोटभर उंचीची लालसर रोपं, पानांवर चिकट थेंब आणि थेंबांत अडकलेली चिलटं. वडील शाळेत शास्त्र शिकवत, म्हणून मला ते झाड ठाऊक होतं. एक रोप ढेकळासकट उचलून आणलं आणि पसरट कुंडीत लावलं. त्याला पावसाचंच पाणी घालायचं, उघड्या उन्हात ठेवायचं, खत अजिबात द्यायचं नाही. निकस मातीत मिळत नाही ते हे झाड किडे खाऊन मिळवतं. एवढं सगळं मी मोठ्या तोऱ्यात सासूबाईंना सांगितलं आणि तिथेच माती खाल्ली.

"किडे खातं? चातुर्मासात? माझ्या घरात?"

त्या कुंडी फेकायलाच निघाल्या. ह्यांनी मध्ये पडून तोडगा काढला: झाड राहील, पण घरचे नियम पाळील. झालं! दर उपासाला सासूबाई आपल्या जुन्या पातळाचा तुकडा कुंडीवर बांधू लागल्या. वर ते अगदीच उपाशी राहू नये म्हणून दुधात कालवलेली भगर त्याच्या पानांवर ठेवायच्या. पानं काळी पडली, थेंब सुकले. स्वतःसाठी मी कधी ब्र काढला नव्हता, पण त्या दिवशी भडकले.

"त्याला ऊन हवंय आणि पोटभर खायला हवंय," मी म्हटलं. "ह्या उपासांनी मरेल ते."

सासूबाईंनी फडक्याची गाठ आणखी आवळली. मग ते उपास नसलेल्या दिवशीही सुटलं नाही.

कार्तिकात चातुर्मास संपल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं ते सोडलं, तर खाली वाळकी काडी. हे झाड पावसाळ्यापुरतंच जगतं, बी टाकून जातं, असं मी सांगून पाहिलं. त्यांना वाटलं, मी आपली समजूत काढतेय. कुंडी त्यांनी फेकली नाही. कोपऱ्यात ठेवून दिली आणि येताजाता तिच्याकडे बघायचं टाळू लागल्या.

पुढच्या पावसाळ्यात कुंडीत लाल टिपके उगवले. मला तेव्हा दिवस गेले होते आणि चातुर्मासाचा मी नुसता धसका घेतला होता. आषाढी एकादशीच्या सकाळी सासूबाई ते फडकं घेऊन आल्या. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

त्यांनी ते कुंडीवर बांधलं नाही. माझ्यासमोर बसल्या, कात्रीनं ते बेतून कापलं आणि झबलं शिवायला घेतलं.

"त्याला यंदा उपास नाही," सुईत दोरा ओवत त्या म्हणाल्या. "तुलाही नाही. जा, गरम भात खाऊन घे."

मी स्वयंपाकघरात गेले. घरात बाकी सगळ्यांचा उपास होता, आणि चुलीवर भाताचं पातेलं उतरायला आलं होतं.