बाईंचं खलास

अख्ख्या दुबईत घाई नसलेलं माणूस मी एकच पाहिलं, आमच्या केमिस्ट्री लॅबच्या बाई. बाहेर डिलिव्हरीवाले सिग्नल हिरवा व्हायच्या आत सुटतात, माणसं लिफ्टचं बटण दाबूनही जिन्याकडे धावतात, आणि बाई एका ब्युरेटसमोर, त्या काचेच्या नळीतून पुढचा थेंब केव्हा पडतो हे पाहत, कॉलेजची बस चुकवायच्या. मी पुण्यात पत्रकं वाटत शिकले आणि आईवडिलांकडे दुबईतल्या अल बर्शाला परतून बाईंच्या हाताखाली टीचिंग असिस्टंट झाले. म्हणजे ब्युरेट भरायच्या, मुलींचे गॉगल शोधायचे आणि बाईंचं ऐकायचं. तिसरं काम मला जड गेलं.

'बाई' हे त्यांचं नावच आहे अशी कॉलेजभर समजूत. नव्या मुली 'मिस बाय' म्हणत आणि वर हातही हलवत. मग बाईही शांतपणे हात हलवून त्यांना आत घेत. वरिष्ठांशी त्या इंग्रजी बोलत, बाकी माणसांशी हिंदी, आणि मराठी फक्त माझ्याशी नि काचसामानाशी. त्यातलं गोड मराठी काचेच्या वाट्याला. "गळू नकोस गं बाळा, आज परीक्षा आहे," हे एका म्हाताऱ्या ब्युरेटला. मला, "तुझं बोलून झालं की सांग, तोवर मी फ्लास्क धुते." एका मुलीने पुस्तकातलं उत्तर जसंच्या तसं लिहून आणलं, तेव्हा बाई रागावल्या नाहीत. "ये तो किताब को मिला. तुमको क्या मिला?" एवढं विचारून त्यांनी तिच्यापुढे नवा फ्लास्क ठेवला.

पण बाईंना पाहावं ते टायट्रेशनच्या वेळी. फ्लास्कमधल्या ॲसिडमध्ये ब्युरेटमधून थेंबथेंब अल्कली सोडायची आणि जेमतेम गुलाबी छटा आली की थांबायचं. एक थेंब जास्त पडला की सरबत. बाई मुलीच्या खांद्यामागून कुजबुजत, "यल्ला... यल्ला...", म्हणजे अरबीत 'चल, चल', आणि नेमक्या क्षणी, "खलास." अरब मुलींना तो आपला शब्द वाटे: बस, जमलं. मला मात्र आपलं मराठी खलासच ऐकू येई: संपलं, मेलं.

गेल्या वर्षी कॉलेजने ठरवलं की प्रॅक्टिकल आता कॉम्प्युटरवर. मुलींनी माऊसने ब्युरेट उघडायची आणि लॅबच्या जागी कॉफी लाउंज. फोटोतला भात वाढून पोट भरा म्हणण्यातला हा प्रकार, आणि हे मी आजही कुणाच्याही तोंडावर म्हणेन. मी निवेदन लिहिलं. 'विज्ञानाची हत्या', 'शिक्षणाचा बाजार', काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. बाईंनी चष्मा पुसून ते शेवटपर्यंत वाचलं.

"तोटी पूर्ण उघडलीस. दाट गुलाबी झालंय."

"बाई, अन्यायाला फिकट काय म्हणायचं?"

"काहीच नको म्हणू. डीनना म्हण, ॲप्रन घालून या."

"एवढंच?"

"खलास."

डीन हैदराबादचे. "पांच मिनट, मॅडम," म्हणत आले. खिशात फोन वाजतच होता. पहिला फ्लास्क त्यांनी पार रंगवून टाकला. बाईंनी मुकाट्याने दुसरा पुढे सरकवला. डीननी फोन बंद केला. यल्ला, यल्ला. फ्लास्कमध्ये दिसेल न दिसेल असं गुलाबी उमटलं आणि डीनच हळूच म्हणाले, "खलास." मग शाळकरी पोरासारखे बाईंकडे वळले. "और एक करूं क्या?"

माझं भाषण तयार होतं. मी तोंड उघडलं आणि बाईंनी माझ्या पायावर पाय ठेवला. लॅब राहिली. कॉफी लाउंज लायब्ररीच्या जिन्याखाली गेलं.

बाई मात्र या उन्हाळ्यात निवृत्त होऊन पुण्याला परतल्या. याविरुद्ध निवेदन कुणाला द्यायचं? विमानतळावर मी सुरू केलं, की बाई, तुमच्याशिवाय ही लॅब म्हणजे... त्यांनी माझं मनगट धरलं. "खलास गं." तो शब्द त्या दिवशी मला पहिल्यांदा अरबीत ऐकू आला.

आता मुलींच्या खांद्यामागे मी उभी असते. शब्द माझ्या जिभेवर अजूनही लवकरच येतो. मी एक थेंब थांबते.