सफाळ्याची ठेव

परताव्याचा मेसेज आला तेव्हा मी तारापूरच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होते. आकडा पाहून विरस झाला. त्या वर्षी कागदपत्रं द्यायला मला उशीर झाला होता, म्हणून पगारातून कर जास्त कापला गेला. त्यातले नऊ हजार परत येतील असा माझा अंदाज होता. आले साडेसहा.

संध्याकाळी तशीच बोईसर स्टेशनजवळच्या करसल्लागाराकडे गेले. विवरणपत्र त्यानंच भरलं होतं. मी फक्त फोनवर आलेला ओटीपी सांगितला होता.

"मॅडम, सफाळ्याच्या बँकेतल्या ठेवीचं व्याज धरलंय ना," तो म्हणाला. "तेवढं उत्पन्न वाढलं, त्यावरचा कर वळता झाला, परतावा कमी आला."

"सफाळ्याला माझी ठेवबीव काही नाही."

"पॅन तुमचाच आहे. बँकेनं यंदा जोडलेला दिसतोय. आठवून बघा, कधी सही केली होती का?"

केली होती. रिक्षात बसल्यावर आठवलं.

मला नोकरी लागली त्या वर्षी ताई मला सफाळ्याला घेऊन गेली होती. तिचं सासर नवापूरचं, घरची होडी. पावसाळ्याआधी लोक घरात सुकी मासळी भरून ठेवतात, तेव्हा ती सुकट-बोंबलांची टोपली घेऊन सफाळ्याला, माकुणसारला घरोघर फिरायची. त्या दिवशी टोपली रिकामी झाल्यावर ती मला बँकेत घेऊन गेली. टोपली बाहेर पायरीशी ठेवली, पदराला हात पुसले आणि एक फॉर्म पुढे करून म्हणाली, "हितं सही कर." मी केली. काय आहे ते विचारलंसुद्धा नाही. ताईनं सांगितलं की करायचं, ही लहानपणापासूनची सवय.

आई गेली तेव्हा मी दुसरीत होते आणि ताई पंधरा वर्षांची. तिची शाळा आधीच सुटली होती. सकाळी मांडवावर बोंबील वाळत घालायचे असत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून काठीवर टाकायचे. माझी बोटं सोलवटायची म्हणून ती मला हात लावू द्यायची नाही. "तू पाढे म्हन," म्हणायची. मी वाळूत बसून मोठ्यानं पाढे म्हणायची आणि ती काठीमागून काठी भरत जायची. माझा गणवेश ती आमच्या कपड्यांपासून लांब, शेजारणीच्या दोरीवर वाळवायची. वर्गात कुणी नाक मुरडू नये म्हणून. हे मला फार उशिरा कळलं.

रविवारी नवापूरला गेले. ताई ओट्यावर जवळा निवडत होती. मी ठेवीचं विचारलं तशी तिनं आधी घरात डोकावून पाहिलं.

"माजीच हाय ती. नाव तुजं, पैसं माजं."

"पण माझ्या नावावर कशाला?"

"माज्या नावावर असतं तर कवाच इंजिनात गेलं असतं. माजा मानूस वाईट नाय गं. पन होडीला काय ना काय लागतंच, नि घरात पैसा हाय म्हटल्यावर नाय कसं म्हनायचं?"

"मग ठेवले कशासाठी?"

"कशासाठी नाय. घरात कोनाला न विचारता मोडता यावं, म्हनून."

इतक्या वर्षांत तिनं ती मोडली नव्हती. मला एकदाही आठवण करून दिली नव्हती. आणि मी मात्र अडीच हजारांसाठी आठवडाभर चरफडत होते. मला खाली बघावंसं वाटलं.

परताव्याचं तिला सांगायला नको होतं, पण बोलण्यात निघालं. "माज्यापायी सरकारनं तुजं कापलं?" म्हणत ती उठलीच, डब्यातून पैसे काढायला. मी हात धरून खाली बसवलं. "मग सुकट ने," ती म्हणाली. ती मी मुकाट्यानं घेतली.

पुढं तिचं पॅन कार्ड काढलं. "आता माज्याच नावावर कर, नाय म्हनायला शिकले मी," ती म्हणाली होती. ते आल्यावर आम्ही दोघी सफाळ्याला गेलो, जुनी ठेव मोडली आणि तिच्या एकटीच्या नावावर नवी केली. कारकुनानं सहीसाठी बोट दाखवलं. ताईनं चष्मा लावला आणि एकेक अक्षर कोरत नाव लिहिलं. मागं रांग खोळंबली होती, पण तिनं घाई केली नाही.

बाहेर बाजारात एका म्हातारीनं तिला हटकलं. "अगं सुकटवाली ना तू? किती वर्सं आली नाय! तुज्यासारका बोंबील कोन देत नाय."

ताई खुलली. गुडघे गेले, आता फिरवत नाही, असं सांगत तिथंच दुकानाच्या फळीवर टेकली. मग सुना, नातवंडं, कोण गेलं, कुणाचं लग्न झालं, सगळं निघालं. आमची गाडी निघून गेली. मी बाजूला उभी राहून ऐकत राहिले.