सगळ्या फोनांवर उघडणारं पान

राइस मिलमधून उकडलेल्या धानाचा वास आला की मला ती दुपार आठवते. आमच्या वॉर्डातल्या शाळेत रविवारी सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून लेकरात उतरणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी होणार होती, आणि कोणी कधी यायचं ते सांगणारं इंटरनेटचं पान माझी नात आणि नातू बनवत होते. मागच्या वेळी निरोपच पोचला नव्हता. निम्म्या बाया राहून गेल्या, त्यात शेजारची पोटुशी सूनही. नातवाला पान रंगीत, हलतंडुलतं हवं होतं. नात म्हणे, सगळ्या ब्राउझरसाठी ठरलेले नियम आहेत, त्या नियमानं साधं लिहू, म्हणजे कुठंही उघडेल. नातू चिडला, "दीदी, पुराने ब्राउझर के लिए कब तक रुकोगी? लोक नवा फोन घेतीन." "तू घेऊन देशीन का साऱ्यायले?" मी म्हटलं आणि माझा जुना फोन पुढे केला. दोघांनी आपापला नमुना त्यावर उघडून पाहिला. त्याचं पान कोरंच राहिलं. तिचं लगेच उघडलं. ती हसली तशी मी म्हटलं, "हासू नोको. अक्षरं मुंग्यावानी हायेत. मी चवथी शिकली, मले वाचता येते, पन दिसलं तं पाह्यजे." ती गाल फुगवून बसली. नातवानंच मग तिच्या पानातली अक्षरं मोठी केली आणि वेळ पहिल्या ओळीत आणली. रविवारी शेजारची सून फोन हातात धरून सगळ्यात आधी शाळेत आली, मागून बायांची रांग फाटकापर्यंत गेली. आता नात दुसऱ्या गावांसाठी अशी पानं बनवते आणि आधी मला पाठवते. मी चुका सांगते. अजून तरी तिनं पाठवणं बंद केलं नाही.