हनुवटीपासून ताऱ्यापर्यंत

मुलीला, रॉक्सॅनला, पुरून आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात व्हर्लिन हॉस्किन्स नाण्यांच्या बाजाराला निघाला. नेब्रास्कातल्या त्यांच्या गावात माजी सैनिकांच्या हॉलमध्ये तो दर मार्चला भरायचा. "जरा जाऊन येतो," तो म्हणाला. लॉर्नानं, त्याच्या बायकोनं, मान हलवली. मुलीची गाडी बर्फावर घसरली तेव्हापासून नवराबायकोत यापेक्षा जास्त बोलणं होत नव्हतं.

व्हर्लिननं जन्मभर धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळला होता, पण नाद जुन्या चांदीच्या डॉलरांचा. टाकसाळीतला पोलादी ठसा नाणी पाडून पाडून तडकतो, तड्यात चांदी शिरते आणि नाण्यावर केसाएवढी रेघ वर येते. त्या रेघा वाचायचा त्याला छंद. एका ठशाचा तडा नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवीच्या हनुवटीपर्यंत आलेली नाणी त्यानं पाहिली होती, आणि ठशाचा तुकडाच निखळल्यानंतरचीही. मधलं, रेघ कडेच्या ताऱ्यापर्यंत पोचलेलं नाणं मात्र कुणालाच मिळालं नव्हतं. तो आणि एमेट कुबिक न्हावी वर्षानुवर्षं त्यावरून एकमेकांना डिवचत आले होते.

एमेटनं हॉलमध्ये टेबल मांडलं होतं. व्हर्लिनला पाहून तो गडबडला.

"आलास? बरं केलंस. म्हणजे... बस."

व्हर्लिन बसला, भिंग डोळ्याला लावलं आणि एमेटच्या पेटीतली नाणी एकेक करून बघू लागला. दुपारी एक नाणं त्यानं पुढे सरकवलं.

"बघ."

एमेटनं बघितलं आणि खुर्चीतून उठलाच. "अरे सैताना! ताऱ्यापर्यंत गेलीय! आणि माझ्याच पेटीत? मी काय आंधळा होतो?"

आजूबाजूचे जमले, कुणी पाठ थोपटली. शिंक यावी म्हणून तोंड उघडून थांबावं आणि ती येऊच नये, तसा व्हर्लिन आनंदाची वाट बघत बसला.

गर्दी पांगल्यावर एमेटनं हळूच विचारलं, "काहीच वाटत नाही का रे?"

"नाही. पोरीला पुरतानाही नाही वाटलं. पाद्री बोलत होता आणि मी शवपेटीच्या कडीकडे बघत होतो. धातू ओतताना तिच्यात बुडबुडा राहिला होता. तेवढाच दिसत होता मला. लॉर्नानं बघितलं ते."

"तिला सांगितलंस?"

"काय सांगू?"

"आत्ता मला सांगितलंस तेच. ऊठ, घरी जा. नाणंही ने."

व्हर्लिन उठला. नाणं टेबलावरच राहिलं.

घरी लॉर्ना खिडकीशी बसली होती. कोट न काढताच त्यानं तिला कडीचं सांगितलं.

"मला वाटलं, तुला पोरीकडे बघवत नाहीये," ती म्हणाली. "पाद्र्याच्या बुटाची नाडी सुटली होती. मी तीच बघत होते. शेवटपर्यंत बांधली नाही मेल्यानं."

"मला नाही दिसली."

"तू कडी बघत होतास."

शेजारणीनं आणून दिलेलं नूडल्सचं भांडं फ्रीजमध्ये तसंच होतं. व्हर्लिननं ते काढलं, दोन चमचे घेतले. गरम करायचं दोघांनाही सुचलं नाही. ओट्याशी उभ्यानं त्यांनी गारढोण नूडल्स खाल्ल्या. लॉर्नानं दोन घास जास्त खाल्ले. रडलं कुणीच नाही.