मुजऱ्या दरवाजा

आमच्या घराण्यात कोणी वाकत नाही, आणि त्याचा पुरावा म्हणून माझ्या कपाळावर टेंगूळ आहे.

माझा आजा जळतणाच्या मोळ्या विकायचा. तालुक्याच्या गावी, जुन्या पेठेत, एका जहागीरदाराची हवेली होती; तिथं मोळी पोचवायची. पोचवायची म्हणजे दारापर्यंत. पुढं आमच्या लोकांना मज्जाव. बाबा लहानपणी आजासंगं जायचे आणि दारातून दिसणारी हातभर फरशी पाहत उभे राहायचे.

"आत काय हाय?"

"मोठा झाला का पाह्यजो," आजा म्हणायचा.

बाबा मोठे झाले आणि चिखलीच्या मार्केटात हमाल झाले. जन्मभर तुरीची पोती वाहिली. घरात शिकवण एकच: "पोत्याखाली पाठ वाकली त चालते, मान वाकली नाई पाह्यजे." त्या पाठीच्या जोरावर मी बी.ए. झाले, इतिहास घेऊन. घराण्यातली पहिली. (कोणी विचारलं नाही तरी मी सांगते.) निकाल लागला तेव्हा बाबांना म्हटलं, "तुमाले काय पाह्यजे, सांगा." मला वाटलं, चपला मागतील.

"ते हवेली आतून दाखव," बाबा म्हणाले.

हवेली आता सगळ्यांना पाहायला खुली झाली होती. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला, मायनं ठेवणीतलं लुगडं काढलं, आणि आम्ही जीपनं पेठेत उतरलो.

दर्शनी भिंत अशी की हत्ती अंबारीसकट आत जावा. नक्षी, महिरपी, दगडी मोर. आणि या सगळ्याच्या मधोमध दार केवढं, तर माझ्या खांद्याएवढं. पाहून वाटावं, गवंड्याला दाराची आठवण शेवटी झाली.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण पदवी नवीन होती.

"बाबा, याले मुजऱ्या दरवाजा म्हणतात. जहागीरदार मोठा इरसाल. येणारा मुजरा करो का न करो, दारच करून घेते. आत जाणाऱ्याची मान आपोआप वाकते."

बाबा होते तिथंच थांबले.

"म्हंजे मुजरा करा लागते?"

"आता कोण हाय आत? एक चौकीदार बसलेला असते."

"दार त हाय ना." आणि बाबा बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले.

माय तोवर आत पोचलीसुद्धा होती, ताठ मानेनं. तिची उंची पाहता ते दार तिच्याच मापानं केलं असावं. आतून तिचा आवाज आला, "अवो, या ना. काऊन बसले तिथं?"

"मले नाई पाह्याची हवेली. चाल बाई, घरी जाऊ."

लहानपणापासून जे पाहायचं होतं ते दोन हातांवर आलं, आणि माझ्या इतिहासानं घात केला. मागं कॉलेजची पोरं खोळंबली होती. "काका, जाता का?" म्हणत होती.

बाबा उठले. आधी त्यांनी गुडघे वाकवून, मान ताठ ठेवून, बदकासारखं सरकून पाहिलं. पोत्यांनी झिजलेले गुडघे असे वाजले की पोरं मागं सरकली. मग बाबा दाराकडं पाहत राहिले, आणि एकदम पाठमोरे झाले.

"हे काय करून राह्यले?"

"उलटा जातो. वाकलो तरी तोंड रस्त्याकडं. मुजरा रस्त्याले. त्याले माहं बूड."

आणि गेले. आत टेबलाशी हमीदचाचा चौकीदार चहा पीत होते.

"अरे, ये क्या आ रहा है?"

"माहा नवरा हाय," मायनं ओळख करून दिली.

"अब तक तो सबका पहले सिर आता था," चाचा म्हणाले आणि त्यांनी कप खाली ठेवला.

मी मागोमाग निघाले. पोरं हसत होती, म्हणून मान वळवून त्यांना ठणकावून सांगितलं, "हसू नका. या दारातून जाताना प्रत्येकाला वाकावंच..."

पुढचा शब्द चौकटीनं पूर्ण केला.

शुद्धीवर येऊन पाहिलं तर आत एक अंगण, एक कोरडं कारंजं आणि भरपूर कबुतरं.

"एवढंच?" माय म्हणाली.

 बाबा सगळं अंगण सावकाश फिरले. मग जिथं जहागीरदार बसायचा त्या चौथऱ्यावर बसले आणि म्हणाले, "चाचा, पाणी भेटंल का?" चाचांनी माठातलं पाणी दिलं. बाबांनी ते घोट घोट करून पूर्ण संपवलं.

जाताना बाबा सरळ वाकून निघाले. तोंड रस्त्याकडंच होतं.

आजाची मोळी जिथं थांबली होती, तिथून आमचं घराणं आत जाऊन आलं. पहिली माय गेली, ताठ. मग बाबांचं बूड. आणि सगळ्यात शेवटी घराण्यातली पहिली पदवीधर, जिला त्या दाराचा इतिहास तोंडपाठ होता.