गुणगुणत काढलेला डोळा

रोह्याहून फोन आला तेव्हा माझ्या हातात आखणीचा ब्रश होता. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढणं. आमच्या पेणच्या कारखान्यांत हे काम सगळ्यात शेवटी होतं आणि ते ज्याच्याकडे, त्याची ऐट मोठी. फोनवर मधूची बायको होती. "भावजी, हे गेले..." दुपारचा चहा घेऊन मधू दवाखान्यातल्या खुर्चीत जरा टेकला, तो तसाच. बाहेर बाकावर धाटावच्या कंपनीतले दोघं शिफ्ट सुटल्यावर येऊन नंबर लावून बसले होते.

मधू म्हणजे रोह्याचा डॉक्टर आणि शाळेपासूनचा माझा मित्र. आज माझा उजवा हात चालतोय तो त्याच्यामुळे. ती हकिगत सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा. तो स्वतः ती सांगताना ठसका लागेपर्यंत हसायचा.

ब्याण्णवच्या हंगामात एका मोठ्या मूर्तीचा डोळा पुरा करून मी श्वास सोडला आणि ब्रश आपला आपण निघाला, तो थेट गणपतीच्या कानापर्यंत! सुमनला, म्हणजे बायकोला, हाक मारायला गेलो तर तोंडातून भलतंच बोबडं काहीतरी आलं. आदल्याच दिवशी मी तोंड वाकडं करून एका गिऱ्हाइकाची नक्कल केली होती, त्यामुळे ती तिकडूनच म्हणाली, "पुरे झाली नाटकं! ऑर्डरी पडल्या हायेत." मग तिनं तो कानापर्यंत गेलेला डोळा पाहिला आणि किंचाळली. देवाच्या बाबतीत मी थट्टा करणार नाही, एवढा तरी विश्वास तिचा माझ्यावर होता.

मुंबईला नेलं. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. नशिबानं दिवाळीपर्यंत हात आणि जीभ बऱ्यापैकी ताळ्यावर आली. पण गुठळी आली कुठून? बीपी नाही, शुगर नाही, मानेच्या रक्तवाहिन्या स्वच्छ. मोठे डॉक्टर म्हणाले, "कधी कधी कारण सापडत नाही." इकडे गल्लीत मात्र कारण लगेच सापडलं होतं : आखणीत काहीतरी चुकलं, देव कोपला! एका गिऱ्हाइकानं तर हळूच विचारलं, "आमचे डोळे दुसऱ्या कुणाकडनं काढून घेतले तर चालतील ना?"

मधूला दोन्ही निदानं पटली नाहीत. "कारण नसतं असं नाय दत्तू, आपल्याला दिसत नसतं. आणि ते दिसलं नाय तर पुढची गुठळी येईल. तेव्हा हात परत मिळेलच असं नाय." त्यानं मला पुन्हा मुंबईला पाठवलं. तिथं सलाइन ढवळून त्याचे बुडबुडे हाताच्या शिरेत सोडतात आणि ते हृदयाच्या उजव्या बाजूकडून डावीकडे जातात का, ते पडद्यावर बघतात. यंत्रावर एक तरुण मुलगी होती. म्हणाली, "काका, जोरात कुंथा." आता परक्या पोरीसमोर कुंथायचं कसं? मी गाल फुगवले, डोळे वटारले, कपाळावर आठ्या आणल्या. जन्मभर मूर्तींच्या चेहऱ्यावर भाव आणले, तसा एक स्वतःच्या चेहऱ्यावर आणला. आत मात्र सगळं शांत. पोरगी म्हणाली, "छान!" रिपोर्टही छान आला.

पुढच्या हंगामात मी भीत भीत पुन्हा आखणीला बसलो. मधू एरवी तयार गणपती न्यायलाच यायचा. त्या वर्षी आधीच आला, रंगाचा रिकामा डबा पालथा घालून माझ्यासमोर बसला आणि चक्क गप्प राहिला. डोळा पुरा झाला तसा म्हणाला, "अरे, तुझ्या मानेची शीर दोरखंडासारखी फुगते! श्वास कोंडतोस होय रे?"

"सगळेच कोंडतात. बाबांनी शिकवलंय, श्वास हलला की बुबुळ हलतं."

"आणि पोटरी सुजलीय ती?"

"मांडी घालून बसल्यावर सुजणारच. हंगामात सगळ्यांची सुजते."

"मुंबईत कुंथलास तेव्हा अशीच फुगली होती शीर?"

मी इकडेतिकडे बघू लागलो. सुमन म्हणाली, "भावजी, त्या पोरीसमोर लाजले ते. मला सांगितलंय." मधूनं कपाळावर हात मारला. "वहिनी, हा माणूस लाजेपायी मरेल!"

मग तो दवाखाना बंद ठेवून स्वतः माझ्याबरोबर मुंबईला आला. मी यंत्राखाली आडवा झालो. मधू कानाशी वाकून म्हणाला, "तोंडं वेडीवाकडी करू नको. मोठ्या मूर्तीचा डोळा काढ." मी डोळे मिटले, हवेतच बुबुळ धरलं, श्वास कोंडला... आणि सोडला. पोरगी ओरडली, "गेले, गेले, पलीकडे गेले!" मधू तिथंच नाचला. माझ्या हृदयाच्या उजव्या-डाव्या कप्प्यांमधलं, जन्मानंतर बंद व्हायचं ते एक दार नुसतं लोटलेलं राहिलं होतं. श्वास कोंडून सोडला की ते उघडायचं, आणि पायात धरलेली गुठळी फुप्फुसात अडकायच्या ऐवजी तिथून सरळ मेंदूकडे जायची.

रक्त पातळ करायच्या गोळ्या मिळाल्या, मध्ये मध्ये उठून चालायचा हुकूम मिळाला. तिसरं औषध खास मधूचं. "आखणी करताना गुणगुणायचं. गुणगुणणाऱ्याला श्वास कोंडता येत नाय." माझा आवाज फुटक्या भोंग्यासारखा. कारखान्यातले लोक हात जोडून म्हणाले, "डॉक्टर, दुसरं काय औषध नाय काय?" मधूनं ऐकलं नाही. दर हंगामात तो त्या डब्यावर येऊन बसायचा आणि मी थांबलो की खेकसायचा, "दत्तू, आवाज!"

त्या दुपारी फोन ठेवला आणि परत मूर्तीसमोर बसलो. मूर्ती मधूच्याच घरची होती. सुतकामुळे यंदा ती रोह्याला जाणार नव्हती, हे कळत होतं. पण एक डोळा काढलेला आणि एक कोरा, असा देव ठेवायचा कसा? ब्रश टेकवला. समोर तो पालथा डबा. मान ताठरली, शीर फुगली असावी... पलीकडून सुमन डोळे पुसत म्हणाली, "अहो, आवाज येत नाय तुमचा."

मी सुरू केलं. बेसूर, रडवेलं, कुठली चाल तेही कळेना. कारखान्यात कुणी हात जोडले नाहीत. बुबुळ मात्र जिथल्या तिथे बसलं.